स्क्रॅचज्युनिअर: दुसरीच्या वर्गात वापरलेल्या ॲपबद्दल

वर्गात टॅब किंवा संगणक आला की मी सगळ्यात आधी एक गोष्ट बघते. पडद्यासमोर बसल्यावर हुकूम कोण सोडतंय, मूल की यंत्र? लहान मुलांच्या बहुतेक ॲपमध्ये यंत्रच सोडतं. बेरीज समोर येते, मूल चार उत्तरांपैकी एकावर बोट ठेवतं, बरोबर आलं तर तारे उडतात, चुकलं तर भोंगा वाजतो आणि पुढची बेरीज हजर. पाढे किंवा जोडाक्षरं पक्की करायला याचा उपयोग होतो, मी ते नाकारत नाही. पण अर्धा तास हेच चालू ठेवलं की मुलं विचार सोडून अंदाजाने बोटं मारायला लागतात, कारण चार पर्यायांत कधी ना कधी तारा उडतोच. आणि शेजारच्याशी बोलायचं काही कारणच उरत नाही.

स्क्रॅचज्युनिअरमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून पडद्यावरच्या पात्रांना सूचना द्यायच्या या ॲपमध्ये, हुकूम मूल सोडतं. गेली काही वर्षं मी हे ॲप दुसरीच्या वर्गात वापरते आहे. लहान वर्गांसाठी कुणी मला एकच ॲप सुचवायला सांगितलं तर मी याचंच नाव घेईन. का, आणि कुठे ते कमी पडतं, ते सविस्तर लिहिते. जाहिरातवजा कौतुक वाचून कुणी मुलांच्या हातात टॅब द्यावा असं मला वाटत नाही.

आधी थोडी माहिती. हे ॲप टफ्ट्स विद्यापीठातला मरिना बर्स यांचा गट, एमआयटी मीडिया लॅबमधला मिचेल रेझनिक यांचा गट आणि प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनी यांनी मिळून तयार केलं. 2014 मध्ये ते आयपॅडवर आलं, पुढे अँड्रॉइड टॅबवरही. 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी म्हणून ते बनवलेलं आहे. मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. या शेवटच्या दोन गोष्टी शिक्षकाच्या दृष्टीने फार मोठ्या आहेत. पासवर्ड विसरलेली वीस मुलं आणि मधेच गेलेलं वायफाय यांत तास कसा संपतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

उघडल्यावर एक पांढरं पान दिसतं आणि त्यावर उभं असलेलं मांजर. खाली रंगीत ठोकळ्यांची पट्टी. पिवळे ठोकळे सुरुवात कधी करायची ते सांगतात, निळे हालचालीचे, जांभळे दिसण्याचे म्हणजे मोठं हो, लहान हो, लपून बस, बोल. हिरवे आवाजाचे, नारिंगी थांबण्याचे, वेगाचे आणि पुन्हा पुन्हा करण्याचे, तर लाल शेवटाचे. ठोकळे बोटाने ओढायचे आणि डावीकडून उजवीकडे एकाला एक जोडत जायचे, आपण ओळ लिहितो तसे. ‘बोल’ या ठोकळ्यातला आपण टंकायचा मजकूर सोडला तर ठोकळ्यावर एकही शब्द नाही, फक्त चित्र आणि लागेल तिथे एक आकडा. त्यामुळे वाचनात मागे असलेलं मूल इथे पहिल्या दिवसापासून बरोबरीने बसतं. वर्गाची भाषा घरी न बोलणारी मुलंही. ही सोय वरवर साधी दिसते, पण अख्ख्या ॲपमधला सगळ्यात जास्त विचार मला इथेच दिसतो.

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे येते. पानावर चौकटींची जाळी दाखवण्याचं एक बटण आहे. ते दाबलं की पान 20 उभ्या आणि 15 आडव्या रांगांमध्ये वाटलं जातं, कडेला आकडे येतात आणि मांजर ज्या घरात उभं आहे तो आकडा उठून दिसतो. मी झाडाचं चित्र 9 व्या घरात ठेवायला सांगते, मांजर 3 ऱ्या घरात. काम एवढंच, मांजराला झाडापाशी न्या. जवळजवळ प्रत्येक जोडी बोट ठेवून मोजते: तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. म्हणजे सात घरं. उजवीकडे चालण्याच्या ठोकळ्यात 7 घालतात, हिरवा झेंडा दाबतात आणि मांजर झाड ओलांडून 10 व्या घरात जाऊन उभं राहतं.

इथे भोंगा वाजत नाही. ‘चूक’ असं कुणी म्हणत नाही. मांजराने सांगितलेलं तंतोतंत केलेलं असतं आणि तरी ते झाडाच्या पलीकडे असतं. मग जोडीत वाद सुरू होतो. एक म्हणतं ॲप बिघडलंय. दुसरं पुन्हा मोजतं, पुन्हा सातच येतात. कुणीतरी वैतागून एक-एक पाऊल टाकून बघतं आणि मग उमगतं की मांजर उभं आहे ते घर मोजायचंच नसतं, कारण तिथे ते आधीच पोचलेलं आहे. घरं सात, पावलं सहा. संख्यारेषा शिकवताना हीच गोष्ट मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत आले. मुलं मान डोलवायची आणि वहीत पुन्हा सुरुवातीचं घर मोजायची. आता ती ‘बाई, उभं राहिलेलं घर सोडायचं’ असं एकमेकांना बजावतात, आणि कागदावरच्या वजाबाकीतही ते टिकतं. 9 वजा 3 याचं उत्तर त्यांच्यासाठी दोन खुणांमधलं अंतर झालेलं असतं.

गुणाकाराचंही असंच. नारिंगी रंगात एक ठोकळा आहे, तो इतर ठोकळ्यांना पोटात घेतो आणि दिलेल्या आकड्याइतक्या वेळा तेच करायला लावतो. आत ‘3 घरं चाल, मग एक उडी मार’ असं ठेवून बाहेर 4 दिलं की मांजर चार टप्प्यांत 12 घरं जातं. मग मी विचारते, आत 4 आणि बाहेर 3 केलं तर? निम्मा वर्ग म्हणतो लांब जाईल, निम्मा म्हणतो कमी जाईल. चालवून बघतात. मांजर त्याच घरात पोचतं, पण या वेळी उड्या तीनच. पोचण्याची जागा एक, वाट वेगळी. 4 गुणिले 3 आणि 3 गुणिले 4 सारखेच, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. इथे ‘सारखे’ म्हणजे नेमकं काय सारखं आणि काय वेगळं, यावर मुलं आपणहून बोलतात. उड्या मोजणारं मूल आणि घरं मोजणारं मूल आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात, आणि ते त्यांना एकमेकांना पटवून द्यावं लागतं.

पानाच्या कडेबाहेर गेलेलं मांजर दुसऱ्या बाजूने परत येतं. त्यामुळे 20 घरं चालायला सांगितलं तर ते जिथून निघालं तिथेच येऊन उभं राहतं. हे मी कधीच आधी सांगत नाही. कुणी ना कुणी मोठा आकडा टाकतंच आणि मग वर्गभर ‘हे बघ, हे बघ’ सुरू होतं. 21 दिलं तर काय होईल, 40 दिलं तर, हे प्रश्न मुलांकडून येतात.

वळण्याच्या ठोकळ्यातली रचनाही विचार करून केलेली आहे. इथे अंश नाहीत. 12 दिलं की पूर्ण फेरा होतो. म्हणजे 6 ला अर्धा, 3 ला पाव. घड्याळ शिकवण्याच्या आठवड्यात मी हा ठोकळा मुद्दाम बाहेर काढते. फळ्यावर घड्याळाची तबकडी काढायची, पडद्यावर मांजर वळवायचं आणि त्याचं डोकं ‘किती वाजता’ थांबलं ते ओरडून सांगायचं. दोन वळणांचे ठोकळे आहेत, एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेचा, एक उलटा. उजवीकडे 9 आणि डावीकडे 3 वळलं तरी मांजर सारखंच दिसतं, हे त्यांना या खेळातच सापडतं.

एक बारकावा मात्र शिक्षकाला ठाऊक हवा. मांजर वळलं तरी त्याची ‘पुढे’ जाण्याची दिशा बदलत नाही. उजवीकडचा ठोकळा त्याला पडद्याच्या उजवीकडेच नेतो, मग ते डोक्यावर उभं का असेना. मुलांसाठीच्या लोगो या जुन्या संगणक-भाषेतल्या कासवाचं तसं नव्हतं. 1967 मध्ये सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी लोगो तयार केली, त्यातलं कासव आपलं तोंड जिकडे असेल तिकडे पुढे जातं. म्हणून मूल स्वतः उठून, वळून, चालून बघत कासवाच्या जागी स्वतःला ठेवू शकतं. भूमितीसाठी ती कल्पना जास्त खोल आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाचा ‘कुणाचं उजवं?’ हा गोंधळ पाहिला की या ॲपने पडद्याचं उजवं का धरलं तेही समजतं. चौकोन, त्रिकोण काढायला शिकवायचं असेल तर मात्र हे साधन त्यासाठी नाही.

लोगोचा विषय निघालाच आहे म्हणून. वर्गात संगणक आणण्याच्या दोन वाटा 1960 च्या दशकापासूनच वेगळ्या झालेल्या आहेत. एका वाटेवर इलिनॉय विद्यापीठातली 1960 ची प्लेटो यंत्रणा किंवा स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक सपिस यांनी केलेले गणित सरावाचे प्रयोग. तिथे यंत्र धडा देतं, प्रश्न विचारतं, उत्तर तपासतं. दुसरी वाट पेपर्ट यांची. जिनिव्हामध्ये त्यांनी बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम केलं होतं आणि मुलं स्वतः काही घडवताना शिकतात यावर त्यांचा भर होता. मूल संगणकाला शिकवेल, असं त्यांचं म्हणणं. आज ॲपच्या दुकानात पहिल्या वाटेचा माल खच्चून भरलेला आहे, कारण तो बनवायला सोपा आणि त्यातून गुणांचे तक्ते लगेच निघतात. स्क्रॅचज्युनिअर दुसऱ्या वाटेवरचं आहे. त्यात गुण नाहीत, पातळ्या नाहीत, बक्षिसं नाहीत. ज्यांना महिन्याअखेर प्रत्येक मुलाची टक्केवारी लागते त्यांची निराशा होईल.

भाषेच्या तासाला तर मी हे ॲप गणितापेक्षाही आनंदाने उघडते. एका प्रकल्पात जास्तीत जास्त चार पानं करता येतात. सुरुवातीला ही मर्यादा जाचक वाटली तरी गोष्ट सांगायला तिच्याइतकी चांगली शिस्त नाही. ऐकलेली लांबलचक गोष्ट चार पानांत बसवायची म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. ‘मग, मग, मग’ करत गोष्ट सांगणारी मुलं पहिल्यांदाच विचारतात, यातलं महत्त्वाचं कोणतं? परिसर अभ्यासात फुलपाखराचं जीवनचक्र तर चार पानांसाठीच घडलेलं: अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. अळी पानावर सरकत मोठी होते म्हणून ‘मोठं हो’ हा ठोकळा, कोषाच्या पानावर नुसतं थांबणं, शेवटी लपवलेलं फुलपाखरू दाखवायचं. कोषाच्या पानावर काहीच हलत नाही, याचा मुलांना सुरुवातीला कंटाळा येतो. मग आत काय चाललं असेल यावर बोलणं निघतं, आणि माझ्या मते त्या तासाचं खरं काम तिथे होतं.

दोन पात्रांचा संवाद लिहिणं ही आणखी एक मोठी पायरी. मुलं दोघांनाही हिरव्या झेंड्याने सुरू करतात, त्यामुळे ससा आणि कासव एकाच वेळी बोलायला लागतात. वर्गातल्या भांडणांत रोज हेच होत असतं, त्यामुळे अडचण कुणाला समजावून सांगावी लागत नाही. उपाय दोन आहेत. एक, दुसऱ्याला थोडं थांबायला लावायचं. थांबण्याचा ठोकळा सेकंदाचे दहावे भाग मोजतो, म्हणजे 10 दिलं की एक सेकंद, 5 दिलं की अर्धा. दशांश अपूर्णांक अजून कोसभर लांब असताना मुलं ‘पंधरा म्हणजे दीड सेकंद’ असं सहज बोलून जातात. दुसरा उपाय जास्त सुबक आहे: रंगीत पाकीट. एक पात्र आपलं बोलून झालं की पाकीट पाठवतं आणि ते मिळाल्यावरच दुसरं बोलतं. थांबण्याचा आकडा अंदाजाने बसवलेला असेल आणि पहिल्याचं वाक्य वाढलं, की सगळं पुन्हा गडबडतं. पाकिटाने तसं होत नाही. हा फरक एकदा कळला की मुलं आपल्या जुन्या गोष्टी उघडून त्यात पाकिटं घालत बसतात, कुणी सांगितलेलं नसताना.

आवाज ध्वनिमुद्रित करण्याच्या सोयीबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. वर्गात प्रकट वाचनाला उभं केलं की ज्यांचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही अशी मुलं प्रत्येक शिक्षकाला माहीत असतात. मी त्यांना टॅब घेऊन व्हरांड्यात पाठवते. तिथे ती मांजराच्या आवाजात बोलतात. मुद्रण ऐकतात, आवडलं नाही तर पुन्हा करतात. ‘घाईघाईत झालं’, ‘शेवटचा शब्द ऐकू येत नाही’ हे परीक्षण त्यांचं त्यांनीच केलेलं असतं, आणि मी कितीही मायेने सांगितलं असतं तरी ते त्यांना टोचलं असतं. गोष्ट प्रोजेक्टरवर लावली की सगळा वर्ग त्यांचा आवाज ऐकतो, आणि ऐकवताना त्यांना उभं राहावं लागत नाही. त्यातली काही मुलं नंतर उभी राहूनही वाचायला लागली. सगळी नाही. पण जी लागली त्यांच्यासाठी मला हे ॲप ठेवायचंच आहे.

वापरण्याच्या पद्धतीवर बरंच अवलंबून आहे, म्हणून माझी पद्धत सांगते. टॅब सगळ्यात शेवटी. आधी जमिनीवर खडूने चौकटी आखायच्या, एक मूल मांजर होतं, दुसरं त्याला चिठ्ठ्या देतं. मांजराने चिठ्ठीबाहेरचं काहीही करायचं नाही, भिंत आली तरी. सूचना अपुरी असली की काय होतं हे अंगाने कळतं, आणि हसून हसून पुरेवाट होते. मग कागदावर चार चौकटींत गोष्ट काढायची. तिसऱ्या पायरीला टॅब, तोही दोघांत एक. एकाचं काम फक्त बोट चालवणं, दुसऱ्याचं फक्त सांगणं, आणि मी टाळी वाजवली की अदलाबदल. सांगणाऱ्याने पडद्याला हात लावायचा नाही. या एका नियमामुळे मुलांना मनातला विचार शब्दांत मांडावा लागतो: ‘आधी तो वर जाणारा, नंतर दोन उजवीकडे, नाही, तीन.’ प्रत्येकाच्या हातात वेगळा टॅब देण्याइतके टॅब उपलब्ध असले तरी मी देणार नाही. वर्गात गलका होतो, पण कान देऊन ऐका, सगळा गलका कामाचा असतो.

युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञानाने माणसामाणसातल्या संवादाला पूरक असावं, त्याची जागा घेऊ नये, असा आग्रह आहे. त्याआधी 2015 मध्ये ओईसीडीनेही (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) म्हटलं होतं की शाळांमधल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत पंधरा वर्षांच्या मुलांच्या वाचन, गणित, विज्ञानातल्या कामगिरीत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. यंत्र आणून ठेवणं ही खरेदी झाली. शिकवणं त्यानंतर सुरू होतं.

आता ॲप कुठे कमी पडतं ते.

खाती नसल्यामुळे एका टॅबवरचे सगळ्यांचे प्रकल्प एकाच यादीत दिसतात. दोन-तीन वर्ग तेच टॅब वापरत असतील तर ही यादी लवकरच जंगल होते, आणि चित्रावर बोट दाबून धरलं की खोडण्याची खूण येते. म्हणून पहिल्याच तासाला प्रकल्पाला नाव द्यायला शिकवा. वरच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या खुणेवर बोट ठेवलं की नाव बदलता येतं. जोडीचं नाव आणि वर्ग घालायची सवय लावा. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही हा नियमही तेव्हाच.

शिक्षकाला सगळ्या मुलांचं काम एका जागी बघायची सोय नाही. प्रकल्प ईमेलने पाठवता येतो, पण एकेक करून. मी टॅब प्रोजेक्टरला जोडते आणि जोड्यांना पुढे बोलावते. वेळ जातो, पण दुसऱ्यांचे ठोकळे बघून मुलं भरपूर उचलतात, त्यामुळे तो वेळ मला खटकत नाही. दूरवरून शिकवणाऱ्यांना किंवा फार मोठ्या वर्गाला मात्र ही अडचण जाणवेल.

बोलण्याचा फुगा टंकून भरावा लागतो. दुसरीच्या मुलाला एक वाक्य टंकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याचा जोडीदार खिडकीबाहेर बघायला लागतो. आवाज मुद्रित करणं केव्हाही सरस. वर्गात शेजारी-शेजारी मुद्रण चाललं की एकमेकांचे आवाज त्यात घुसतात, तेव्हा व्हरांडा, जिना, जी मिळेल ती जागा वापरा.

चित्रं रंगवायचा भाग इतका मोहक आहे की काही मुलं पूर्ण तास मांजराला पट्टे ओढण्यात घालवतात. रंगवणंही शिकणंच आहे. तरी मी आधी ठोकळे आणि शेवटची दहा मिनिटं रंग असा क्रम ठेवते.

‘असं झालं तर असं कर’ हा ठोकळा इथे नाही, आणि गुण मोजायला आकडा साठवण्याची सोयही नाही. दुसऱ्या पात्राचा धक्का लागल्यावर सुरू होणारा पिवळा ठोकळा आहे, त्यातून ‘जर-तर’ची चुणूक मिळते, तेवढंच. त्यामुळे मुलांना खेळ बनवायचा असतो तेव्हा ती लवकरच भिंतीला धडकतात. गोष्टी आणि देखावे यांसाठी ॲप भरपूर आहे, खेळांसाठी तोकडं.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त बोचते. सगळं काम डोळ्यांवर चालतं. ज्या मुलाला दिसत नाही किंवा फार कमी दिसतं त्याच्यासाठी यात जागा नाही. अशा मुलासोबत जमिनीवरचा चौकटींचा खेळ दोरी चिकटवून, स्पर्शाने करता येतो, पण टॅब सुरू झाला की ते बाजूला पडतं. बोटांची हालचाल कठीण जाणाऱ्या मुलांनाही बारीक ठोकळे ओढणं त्रासाचं होतं, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर तर ते कुणालाच धड जमत नाही. टॅबच हवा.

एक छोटी सोय बऱ्याच शिक्षकांना माहीत नसते: जोडलेली ठोकळ्यांची ओळ उचलून दुसऱ्या पात्राच्या चित्रावर सोडली की तिची नक्कल त्याला मिळते. पाच मासे पोहवायचे असतील तर पाच वेळा जोडत बसू नका.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी हे जरूर घ्यावं, बालवाडीतही निळे ठोकळे आणि आवाज एवढ्यावर खूप काही होतं. मुलं आठ वर्षांची झाली, वाचन सुरळीत झालं आणि ‘जर-तर’ मागायला लागली की त्यांना याच घराण्यातल्या स्क्रॅचकडे न्या. ते 2007 पासून आहे, 8 ते 16 वयासाठी आहे, ठोकळे वरून खाली जुळतात आणि त्यांवर शब्द असतात. तिथे चौकटींऐवजी पडद्याच्या मधोमध शून्य आहे आणि डावीकडे गेलं की उणे आकडे येतात. त्याची ओळख करून द्यायला एक स्वतंत्र तास राखून ठेवा. वळणं मात्र अडत नाहीत. स्क्रॅचमध्ये फेरा 360 चा असतो, आणि 12 चा फेरा ज्यांच्या हातात बसलेला आहे ती मुलं 3 च्या जागी 90 कसे आले ते वहीत मांडून स्वतःच काढतात.